कावळ्याच्या पायाचं चौथं बोट

आमच्या कारखान्यात तयार होणाऱ्या रिव्हॉल्वरला पहारेकरी लोक ‘बेडूक’ म्हणतात. बुटकं, पोटाशी रुंद, रंगाने मातकट, मूठ काळ्या प्लास्टिकची. दुकानात काचेखाली ठेवलं तर बघणाऱ्याची नजर शेजारच्या चकचकीत मालावर जाते. पण बेडूक घेणारा माणूस काचेतून निवडणारा नसतोच. तो बँकेच्या दारावर उभा राहतो, गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसतो. त्याला परवडतं ते हेच, आणि पुरवायचंही हेच.

एकतीस वर्षं मी हे बेडूक तपासले. तपासणी साधी आहे. रिकामं रिव्हॉल्वर डाव्या हातात धरायचं आणि अंगठा चक्रावर नुसता टेकवायचा, झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मग उजव्या हाताने घोडा सावकाश मागे ओढायचा. चक्र एक घर पुढे सरकतं. खालून बोटाच्या नखाएवढी खिट्टी वर येते, चक्राच्या खाचेत बसते आणि त्याला जागेवर धरून ठेवते. तिचा आवाज पहिला. मग घोडा मागे अडकतो, त्याचा दुसरा. टिक, टक. आधी खिट्टी, मग घोडा. हे उलटं झालं, किंवा पहिला आवाज आलाच नाही, तर गोळीचं घर नळीसमोर नीट आलेलं नाही असं समजायचं. मग गोळी कडेला घासते आणि शिशाच्या कपच्या बाजूने उडतात.

सहा घरं, प्रत्येक दोनदा. बारा वेळा टिक-टक. पास झालं की मुठीखाली माझा ठसा.

मी कामाला लागले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. बाकीचे तपासनीस आपापल्या नावाचं पहिलं अक्षर ठोकायचे. मी तुटलेल्या कानशीच्या तुकड्यातून पंच, म्हणजे ठसा ठोकायचा खिळा, घडवला आणि त्याच्या तोंडावर तीन रेघा काढल्या. कावळ्याचा पाय. पुढे बावन्नाव्या वर्षी मी भाचीच्या शाळेच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकले, तेव्हा थोरले मालक म्हणाले, “आता अक्षराचा पंच कर.” मी म्हटलं, “पहारेकऱ्यांना पाय ओळखीचा झालाय, राहू द्या.” ते खरंच होतं. लोक दुकानात बेडूक हातात घेऊन आधी उलटा करायचे आणि विचारायचे, “पाय आहे का?”

आमच्याकडे पंच ज्याचा त्याचा. काम सोडणाऱ्याने तो ग्राइंडरवर घासून सपाट करायचा आणि मगच फाटकाबाहेर जायचं. आपल्या माघारी कोणी आपला ठसा मारू नये म्हणून.

थोरले मालक गेले आणि धाकटे खुर्चीत बसले. माणूस वाईट नाही. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून चक्रं फिरवायचा. गेल्या हिवाळ्यात ते स्वतः एक ट्रे घेऊन आले.

“मावशी, ऐका जरा. नवी खिट्टी आहे.”

मी घोडा ओढला. आवाज असा आला की मी मान वर केली. जुन्या खिट्टीचा आवाज थोडा बसका असायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा. ही काचेवर नख मारल्यासारखी वाजली. स्वच्छ, वेळेवर, बाराही वेळा.

“कोणी केली हो ही? गातेय की!” मी म्हटलं.

धाकटे मालक खूश झाले. जाताना सगळ्या खात्याला सांगत गेले, “मावशी म्हणतात, गातेय.” त्या आठवड्यात मी ऐंशी बेडूक पास केले. एकही मागे टाकला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तेव्हाच मनात शंका यायला हवी होती. माझ्या मनात अभिमान आला.

मग कारखाना चार-पाच महिने दुसऱ्याच कामात गुंतला. जुन्या बेडकांची दुरुस्ती, सुटे भाग. पुन्हा नवी जुळणी सुरू झाली ती एका मोठ्या मागणीसाठी. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला तीनशे हवे होते. ते तयार होऊन माझ्या टेबलामागच्या रॅकवर आले, त्याच दिवशी भाची आली.

जवळजवळ सगळा कारखाना मला मावशी म्हणतो, पण खरी मावशी मी तिची एकटीची. माझी बहीण लवकर गेली, पोरगी माझ्याकडे वाढली. आता त्याच एजन्सीमार्फत बँकेच्या दारावर उभी असते. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीशी आली ती गालावर पट्टी लावून.

“हे काय गं?”

“काही नाही. वर्षाचा गोळीबाराचा सराव होता परवा. कपची उडाली.” तिने एजन्सीची चिठ्ठी आणि पिशवी खिडकीतून आत सरकवली. “डोळ्याखाली लागली. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं वर लागली असती तर डोळा गेला असता. मग बँकेत लोक मलाच बघायला आले असते.”

“हसतेस काय? कुठलं रिव्हॉल्वर?”

“आपलंच. बेडूक. स्टोअरमध्ये चार ठेवले होते. तुझा पाय बघून हे उचललं.”

मी पिशवी उघडली. उलटं केलं. तीन रेघा, माझ्याच हाताच्या. अंगठा टेकवला, घोडा ओढला. टक. एकच आवाज. पुन्हा ओढला. टक. अंगठ्याने चक्र जरा हलवलं तर ते सैल दातासारखं हललं.

मी बेडूक कानाशी धरून ओढत राहिले. पोरीला वाटलं मी घाबरले.

“अगं, मावशी, स्वस्तातलं आहे ते. चालायचंच.”

ते मला कपचीपेक्षा जास्त लागलं. त्या पोरीने ते समजूत घालायला म्हटलं होतं. पण एकतीस वर्षं मी त्या टेबलाशी बसले ती ‘चालायचंच’ हा शब्द जवळ फिरकू नये म्हणून. स्वस्त म्हणजे मूठ प्लास्टिकची, रंग मातकट, डबा पुठ्ठ्याचा. पोटातलं काम स्वस्त नसतं.

“चापाचा सराव किती करतेस?” मी विचारलं.

“रोज सकाळी ड्यूटीआधी. रिकाम्यानेच. वीस वेळा.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे?” ती हसली आणि पट्टी ताणली तशी कण्हली. “बाकीच्यांना चहा प्यायचा असतो.”

ती गेल्यावर मी मिस्त्रींना हाक मारली. आमचे मिस्त्री माझ्याहून चार वर्षांनी लहान. हातात कानस नसेल तर त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. त्यांनी भाचीचा बेडूक खोलला, खिट्टी चिमट्यात धरून उजेडात नेली. डोकं घासून गुळगुळीत गोल झालं होतं, गोटीसारखं.

“लोखंडाची भुकटी दाबून केलेली आहे ही, ताई,” ते म्हणाले. “वरची साल कडक, आत भुसभुशीत. साल आहे तोवर गाणार. साल गेली की संपलं.”

“आणि मी साल ऐकून पास केली.”

“तुम्ही एकट्याच नाही. मीपण बसवली.”

“तुमचा ठसा नाही त्याच्यावर, मिस्त्री.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रॅकवरच्या तीनशेमधून डोळे मिटून एक उचलला. त्याच्या शेजारी माझ्या टेबलाचा नमुना ठेवला. हा नमुना बावीस वर्षांपूर्वीचा, नव्या तपासनिसांना शिकवायला ठेवलेला, हजारो हातांत फिरलेला. मी एक घेतला, मिस्त्रींनी एक. ओढ, सोड, ओढ, सोड. शंभर झाले की एका डब्यातला स्क्रू दुसऱ्या डब्यात. हात दुखले की बेडूक बदलायचे. फिटिंगवाल्यांनी आधी चेष्टा केली. “मावशी, कोणाला उडवायचंय?” मग हळूहळू गप्प झाले.

चौदाव्या स्क्रूनंतर नव्याचे आवाज एकमेकांच्या जवळ आले. सोळाव्याला उलटे झाले. आधी घोडा, मग खिट्टी. अठराव्याला पहिला आवाज गेला तो परत आलाच नाही. जुना नमुना वीस स्क्रू झाल्यावरही तसाच, सर्दी झालेल्या आवाजात टिक-टक करत होता.

मी दोन्ही हातांत दोन्ही धरले आणि ऑफिसात गेले.

धाकट्या मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मावशी, दोन हजार वेळा कोण चाप ओढतं?”

“माझी भाची. रोज वीस वेळा. चार-पाच महिन्यांत झालेच दोन हजार.”

“ऐंशी गेले बाहेर. तक्रार एक. तीसुद्धा तुमच्या घरातली.”

“कारण रोज सराव करणारी ती एकटी. आळशाचा बेडूक अजून गातोय. ज्या दिवशी त्याला खरंच लागेल त्या दिवशी काय वाजेल ते मला माहीत नाही.”

ते उठून खिडकीशी गेले. “जुनं पोलाद देणारा बंद पडला. नव्या ठिकाणून तसलं घ्यायचं तर किंमत चढवावी लागेल. मग आपला माल घेणार कोण? हे लोक महाग घेऊ शकत नाहीत, मावशी. त्यांच्यासाठीच करतोय मी हे.”

“तेच तर म्हणते मी. भारीतलं घेणाऱ्याचं बिघडलं तर तो दुसरं घेईल. ह्यांच्याकडे दुसरं नाही. मग आधी कुठलं टिकायला पाहिजे?”

“बोलायला सोपं आहे.”

“करायलाही आहे. नळीवरचं पॉलिश काढा. मुठीवरची नक्षी काढा. डबा कशाला हवा? कापडात गुंडाळून द्या. बेडकाला आणखी कुरूप करा, मी काही बोलणार नाही. खिट्टीला हात लावू नका.”

ते वळले, आणि या वेळी आवाज वेगळा होता. “तुम्हीच म्हणालात, गातेय. पूर्ण खात्यासमोर. आता ऐंशी पास करून तुम्हाला आठवलं? एजन्सीने विचारलं तर मी काय सांगू? की मावशींचे कान गेले?”

“सांगा. मी पण तेच सांगणार आहे.”

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर मात्र पटलं.

“शनिवारी त्यांचे स्टोअरवाले येतील,” ते म्हणाले. “तोवर तीनशेवर ठसा हवा. तुमचा हात दुखत असेल तर पंच द्या, दुसरा कोणी मारेल.”

“पंच माझा आहे.”

“पोलाद कारखान्याचं होतं.”

“मोडक्या कानशीचं. भंगारात टाकलेलं मी उचललं होतं. तुम्ही तेव्हा टेबलाखाली बसून माझ्या चपला लपवत होतात.”

एवढं बोलून मी बाहेर आले. सरळ टेबलाशी गेले.

शनिवारी सकाळी एजन्सीचे स्टोअरवाले आले. जाडजूड माणूस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. धाकटे मालक त्यांना घेऊन माझ्या टेबलाशी आले. रॅकवर तीनशे बेडूक, एकावरही ठसा नाही.

“हे काय?” स्टोअरवाल्यांनी पहिलाच उलटा केला. “पाय कुठाय?”

“आज दुपारपर्यंत होईल,” मालक म्हणाले.

“नाही होणार,” मी म्हटलं.

“मावशी…”

“साहेब, हे हातात घ्या.” मी स्टोअरवाल्यांच्या हातात भाचीचा बेडूक दिला. “ओळखा, कोणाचा?”

त्यांनी चष्मा लावला, नंबर वाचला. “आमच्या त्या पोरीचा. गाल फुटलेली.”

“अंगठा ठेवा. घोडा ओढा. काय ऐकू आलं?”

“टक.”

“आता हा जुना.”

“टिक… टक.” त्यांनी पुन्हा ओढला. “दोन वाजतात.”

“दोन वाजायला हवेत. एक वाजला तर गोळी कपच्या उडवत जाते. तुमच्या स्टोअरला आणि बाहेर दुकानांत मिळून असे ऐंशी गेलेत. सगळ्यांवर माझा पाय आहे. पाय खोटा आहे. मी आवाजाला भुलले. चूक माझी.”

मिस्त्री मागे उभे होते. त्यांच्या कानशीचा आवाज थांबला.

धाकटे मालक हसायला गेले. “मावशींचं वय झालंय, साहेब. मन हळवं होतं. घरातली पोरगी आहे म्हणून…”

मी ड्रॉवर उघडला, पंच घेतला आणि ग्राइंडरकडे गेले. बटण दाबलं. दगडाने वेग घेतला. मागून मालक ओरडले, “अहो, काय करताय!”, पण ग्राइंडर चालू असताना हात धरायचा नाही हा नियम त्यांच्या वडिलांनीच भिंतीवर लिहून ठेवला होता. पंच टेकवला. ठिणग्या मनगटावर आल्या. तीन रेघा जायला मोजून दहा सेकंद लागले. एकतीस वर्षं लागली होती लोकांच्या डोळ्यांत बसायला.

मी तो तुकडा टेबलावर ठेवला. गरम होता.

“आता ह्या तीनशेवर पाय पडणार नाही,” मी म्हटलं. “पडला तर तो चोरीचा समजा.”

स्टोअरवाल्यांनी चष्मा छातीवर सोडला. तीनशे बेडकांकडे पाहिलं, मग मालकांकडे. “पायाशिवाय मी माल उचलत नाही. पोरं मला विचारतात हो. मी काय सांगू त्यांना?” आणि ते गेले.

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. “सोमवारपासून येऊ नका.”

“बरं,” मी म्हटलं.

सोमवारी मी आले. आत नाही, फाटकाबाहेर. घरून स्टूल आणलं होतं. रविवारभर बसून एका मोठ्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. अक्षरं माझीच, म्हणजे वेडीवाकडी आणि मोठी: ‘गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या बेडकावर कावळ्याचा पाय असेल तर तो वापरू नका. परत आणा. चूक तपासणाऱ्या बाईची आहे.’ भाचीने वाचलं, एक काना राहिला होता तो घातला आणि तसल्याच चार प्रती एजन्सीच्या स्टोअरमध्ये, सरावाच्या मैदानावर आणि चहाच्या टपरीवर लावल्या. टपरीवाल्याने ‘तपासणाऱ्या बाई’च्या खाली कोणीतरी पेन्सिलीने ‘शाबास’ लिहिल्याचं सांगितलं. कोणी ‘म्हातारी भ्रमिष्ट’ पण लिहिलं होतं. दोन्ही राहू दिलं.

मंगळवारी पहिले तिघे आले. पिशवी मिस्त्रींच्या हातात द्यायची, नंबर लिहून पावती घ्यायची, असं सांगून मी त्यांना आत पाठवत होते. फाटकावरचा पहारेकरी मला ओळखतो. तो म्हणाला, “मावशी, मालक तुम्हाला आत सोडू नका म्हणालेत. बसू नका असं नाही म्हणाले.” आणि त्याने मला आपली छत्री दिली. ऊन होतं.

गुरुवारपर्यंत चाळीस आले. परत आलेले बेडूक मिस्त्रींच्या बाकावर साचले. खोलून बघितले तर बहुतेकांच्या खिट्ट्या नव्यासारख्या. आळशी माणसांचे होते. पण आठ अर्धे घासलेले निघाले, आणि दोन भाचीच्यासारखेच. एक त्यातला रुग्णालयाच्या औषधसाठ्यावर उभ्या असणाऱ्या माणसाचा. त्याला त्याच आठवड्यात दरोड्याची धमकी आली होती. तो माझ्यापुढे उभा राहिला, पावती घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, “पाय बघून घेतलं होतं हो.” मी उठून उभी राहिले. माफी मागितली. त्याने मान हलवली, पण माफ केलं की नाही ते कळलं नाही.

शुक्रवारी धाकटे मालक स्वतः फाटकाशी आले. हातात भाचीचा बेडूक होता. माझ्या स्टुलाशेजारी दगडावर बसले, पँटची पर्वा न करता.

“रात्री वडिलांच्या टेबलावर बसून ओढत होतो,” ते म्हणाले. “जुना आणि हा. मिस्त्रींनी पोलादवाला शोधलाय. दोन गावं पलीकडे. पॉलिश काढलं तर जमतंय.”

“डबा?”

“डबाही काढला.” त्यांनी बेडकाच्या मुठीवर अंगठा फिरवला. “नक्षी राहू द्या ना, मावशी. वडिलांची आहे.”

“राहू द्या,” मी म्हटलं. तेवढं चालतं.

“येता का आत?”

“ठसा नाही माझ्याकडे.”

“करा नवा.”

मी लगेच उठले नाही. म्हटलं, “दोन हजार वेळा ओढल्याशिवाय नव्या खिट्टीचा कुठलाही माल पास होणार नाही. प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका खेपेला बनलेल्या मालातला, एक. मी ओढेन नाहीतर तुम्ही. आणि कान हा शेवटचा पुरावा नाही, हे भिंतीवर लिहायचं. तुमच्या वडिलांच्या नियमाखाली.”

“लिहितो.”

“मी लिहिते,” मी म्हटलं.

मिस्त्रींनी तुटलेली कानस शोधून ठेवलीच होती. मी तिचा तुकडा पाडला आणि तोंडावर रेघा काढायला बसले. भाची बघायला आली होती, गालावरची पट्टी निघाली होती, खाली लाल खूण.

“मावशी, परत तोच?”

“मग काय, मोर काढू?”

“तीनच बोटं काढतेस. कावळ्याला मागेही एक असतं. त्याच्यावर तर तो फांदी धरतो.”

मी पंच खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं कावळ्याचा पाय ठोकला आणि कावळा कधी नीट पाहिला नव्हता. चौथी रेघ मागे काढली. लहान, पण खोल.

आता तोच ठसा चालू आहे. तीनशेचे तीनशे बेडूक खोलून नव्या पोलादाची खिट्टी बसवली, घाण्यातला एक दोन हजार वेळा ओढला आणि मगच ठसा मारला. आधीपेक्षा कुरूप दिसतात. एजन्सीने घेतले.

ऐंशीपैकी त्र्याहत्तर परत आले. सात अजून बाहेर आहेत. कोणी नोकरी सोडली, कोणी शहर, कोणी दुसऱ्याला विकलं. मी रस्त्याने जाताना पहारेकरी दिसला की थांबते आणि त्याला कंबरेचा बेडूक उलटा करायला सांगते. बरेच जण हसतात, पण दाखवतात. तुमच्या माहितीत कोणाकडे असेल तर त्यालाही सांगा. पायाला चार बोटं असतील तर बिनधास्त वापर म्हणावं. तीन असतील तर तपासायला घेऊन ये. मी टेबलाशीच आहे.